मुका मार

वर्ध्याहून नागपूरला जाणारा रस्ता शहरात शिरला की मध्यवर्ती कारागृहाच्या लांबलचक भिंतीपाशी येतो. नागपूरकर त्याला वर्धा रोडच म्हणतात. तिथून शहर ओलांडून उत्तरेला छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की पागलखाना चौक लागतो. १८६४ साली उभ्या राहिलेल्या वेड्यांच्या इस्पितळावरून चौकाला हे नाव पडलं. आज ते प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण चौकाचं नाव काही बदललं नाही. आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, देवळी, कुठलाही असो, वर्धा जिल्ह्यातल्या माणसाच्या हातून मोठा गुन्हा घडला आणि त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असं कुणाला वाटलं, तर त्याची रवानगी शेवटी या दोन दारांपैकी एका दारात व्हायची. कोणतं दार त्याचं, हे त्याच्याबरोबर जाणाऱ्या कागदावरून ठरायचं.

त्या कागदावर काय लिहिलं जायचं आणि काय कधीच लिहिलं गेलं नाही, हे मला इथे सांगायचं आहे.

आपल्या भाषेत ‘मुका मार’ असा एक शब्द आहे. कातडी फाटली नाही, रक्त आलं नाही, हाड मोडलं नाही, पण आत दुखतं, तो मुका मार. हळद-तेल लावलं, शेकलं, की चार दिवसांत माणूस कामाला लागतो. डोक्याला लागलेला मुका मार मात्र चार दिवसांत जाईलच असं नाही. मेंदू दह्यासारखा मऊ असतो आणि कवटीचा तळ आतून खडबडीत. डोकं जोरात आपटलं की मेंदू आतल्या आत हलतो आणि त्याचा पुढचा भाग, कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा, त्या खडबडीत हाडावर खरचटतो. नेमका हाच भाग राग आवरतो, पुढचामागचा विचार करतो, ऐन वेळी हात मागे घ्यायला लावतो. असा मार लागलेला माणूस चालतो, बोलतो, जेवतो. घरचे मात्र म्हणतात, ‘पडल्यापासून तो पहिल्यासारखा राहिला नाही.’ विसरतो, लहानशा गोष्टीवर भडकतो, कुणाला कधी मिरगी येऊ लागते. पंचनाम्यात लिहिण्याजोगं त्याच्या अंगावर काहीच नसतं.

या माराला आपल्या कायद्यात जागा कुठे मिळाली, ते पाहायला वर्धा जिल्ह्याच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ साली ते पालकवाडीच्या जागी वसवलेल्या वर्धा शहरात आलं. त्याच १८६२ सालच्या १ जानेवारीला भारतीय दंड संहिता अमलात आली. जिल्हा आणि कायदा एकाच वयाचे. या जिल्ह्यातल्या पहिल्या मॅजिस्ट्रेटपासून अगदी अलीकडच्या सत्र न्यायाधीशांपर्यंत ज्यांनी ज्यांनी आरोपीच्या डोक्याचा विचार केला, त्यांच्यापुढे एकच कलम होतं. कलम ८४.

कलमाचं मूळ लंडनचं. १८४३ च्या जानेवारीत डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. सत्ताधारी पक्ष आपल्या पाठीमागे लागला आहे, आपला छळ करतो आहे, या भ्रमाने त्याला घेरलं होतं. ज्यूरीने त्याला वेडा ठरवून निर्दोष सोडलं. त्यावर मोठा गहजब झाला, खुद्द राणी व्हिक्टोरियाही नाराज झाली. मग हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांना प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरं ‘मॅक्नॉटनचे नियम’ म्हणून रूढ झाली. मेकॉले यांच्या आयोगाचा दंड संहितेचा मसुदा १८३७ चा, म्हणजे या प्रकरणाच्या आधीचा. पण १८६० साली संमत झालेलं कलम ८४ या नियमांच्याच वळणावर गेलं. कृत्य करताना मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत हेच कळत नसेल, किंवा ते चूक आहे, कायद्याविरुद्ध आहे, हे कळत नसेल, तर तो अपराध नाही.

सगळा भर कळण्यावर. आवरण्याबद्दल एक शब्द नाही. आणि डोक्याच्या दुखापतीत कळणं बहुतेक वेळा शाबूत राहतं. जातं ते आवरणं.

विलायतेतल्या न्यायाधीशांनी ती उत्तरं दिली, त्यानंतर पाचच वर्षांनी, सप्टेंबर १८४८ मध्ये, अमेरिकेत व्हरमाँटला रेल्वेसाठी खडक फोडताना फिनिअस गेज या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार कपाळाच्या वरून बाहेर पडली. माणूस वाचला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर जॉन हार्लो यांनी १८६८ साली लिहिलं की शहाणा, जबाबदार म्हणून ओळखला जाणारा हा माणूस अपघातानंतर लहरी आणि तोंडाळ झाला, ठरवलेलं तडीस नेईना. गेजने पुढे चिलीमध्ये घोडागाड्या हाकल्या आणि तो बराच सावरला, असं इतिहासकार सांगतात. त्याने गुन्हाही काही केला नाही. तरी मेंदूचा पुढचा भाग आणि माणसाचं वागणं यांचं नातं तेव्हापासून वैद्यकाच्या पुस्तकात आहे. नागपूरपर्यंत रेल्वे आली १८६७ साली, हार्लो यांचा लेख आला त्याच्या पुढल्या वर्षी. म्हणजे जे कळायला हवं होतं ते कळायला सुरुवात झाली होती. कायद्याचं कलम मात्र तेव्हा लिहून झालेलं होतं.

१८८६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेला लक्ष्मण दगडूचा खटला कायद्याचे विद्यार्थी अजून वाचतात. या माणसाला बरेच दिवस ताप येत होता. तापाने तो चिडचिडा झाला होता, आवाज सहन होत नव्हता. पोटची दोन लहान मुलं रडू लागली आणि त्याने दोघांनाही मारून टाकलं. न्यायालयाने पाहिलं ते एवढंच की तो वातात होता का, शुद्धीवर होता का. वातात नव्हता, आपण काय करतो आहोत हे त्याला समजत होतं. म्हणून खून. मी या निकालाला दोष देत नाही, कलम जसं होतं तसं न्यायाधीशांनी वाचलं. पण आजारी डोक्याला आवाज सहन होत नाही, ही गोष्ट तिथे सर्वांसमोर मांडली गेली, नोंदली गेली आणि कायद्याला तिचं काय करायचं हे उमजलं नाही. ज्याच्या डोक्याला मार लागला आहे त्याच्या घरी जाऊन बसा. मुलांचा आवाज, टीव्हीचा आवाज, भांड्यांचा आवाज, यावरून काय होतं ते घरच्या बाईला विचारा.

याच काळातली दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८७६ साली गाजलेल्या एका प्रकरणात आग्र्याच्या फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने, गाडीपाशी वेळेवर हजर नव्हता म्हणून, आपल्या मोतद्दाराला मारलं. कटवारू त्याचं नाव. तो मेला. डॉक्टरांनी सांगितलं की त्याची पाणथरी वाढलेली होती, म्हणून फुटली. मॅजिस्ट्रेटने फुलरला तीस रुपये दंड केला. गव्हर्नर जनरल लिटनने या हलक्या शिक्षेवर नापसंतीचा खलिता काढला, त्यावर वादही खूप झाला. असे खटले त्या काळात एक-दोन नव्हते. हिवतापाने वाढलेली पाणथरी गोऱ्या माणसाच्या वकिलाला हटकून सापडायची. पोटात दडलेला आजार न्यायालयाला दिसू शकतो, हे यातून सिद्ध होतं. मारणारा मोठा असेल तर दिसतो. आरोपी गरीब असला की कवटीत दडलेली इजा शोधायला कुणी जात नाही.

आता कागदाकडे येतो.

१८५८ च्या वेड्यांच्या इस्पितळांच्या कायद्याने पोलिसांवर एक काम टाकलं होतं. भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा वेडा माणूस दिसला की त्याला मॅजिस्ट्रेटपुढे आणायचं. डॉक्टरचा दाखला घेऊन मॅजिस्ट्रेट त्याला इस्पितळात पाठवणार. माणसाबरोबर एक वर्णनपत्र जायचं. त्यात नाव, जात, वय, धंदा आणि वेड लागण्याचं कारण. गुन्हा केलेल्यांची मोजणी वेगळी. मध्य प्रांतात अशी इस्पितळं नागपूर आणि जबलपूरला होती आणि दरवर्षी त्यांचे तक्ते छापले जायचे. कारणाचा रकाना भरायचा पोलीस, तोही गावात दोन-चार माणसांना विचारून. माणूस गांजा ओढायचा असं कुणी म्हटलं की झालं. ‘गांजा’ लिहायचा. इस्पितळाचा अधिकारी तेच आपल्या वहीत उतरवून घ्यायचा आणि वर्षाअखेर तो आकडा सरकारकडे जायचा. अशा रीतीने गांजा हे हिंदुस्थानातल्या वेडाचं एक मोठं कारण होऊन बसलं.

मार्च १८९३ मध्ये विल्यम केन या खासदाराने ब्रिटिश पार्लमेंटात गांजाचा प्रश्न उपस्थित केला आणि त्यातून भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सदस्यांत मध्य प्रांतातले एक अधिकारी होते, अँड्रू फ्रेझर, तेव्हाचे छत्तीसगडचे कमिशनर. हा प्रांत आयोगाला महत्त्वाचा होता, कारण इथल्या खांडव्याकडे गांजाचं पीक निघायचं. हजारावर माणसांच्या साक्षी झाल्या. १८९४ साली अहवाल आला, तो अनेक खंडांचा.

त्या अहवालातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. आयोगाने १८९२ हे एक वर्ष निवडलं. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानच्या इस्पितळांत १,३४४ माणसं दाखल झाली होती. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा, भांग, चरस लिहिलेलं होतं. आयोगाने या २२२ पैकी प्रत्येकाची पुन्हा चौकशी करवली. घरी, गावी, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना विचारलं. चौकशीअंती ९८ उरले. त्यातही निव्वळ गांजा-भांग हे कारण धरता येईल असे ६१. बाकीच्या १२४ जणांच्या नावापुढे लिहिलेला गांजा टिकला नाही. आयोगाने स्पष्टच म्हटलं की हे तक्ते भरवशाचे नाहीत.

सरकारी रकान्यात लिहिलेल्या कारणाला आव्हान देऊन माणसाच्या घरापर्यंत जायचं, एवढं मोठं काम या विषयात त्याआधी कुणी केलं नव्हतं. पण आयोगाचं काम गांजापुरतं होतं. गांजा खोडल्यावर त्या जागी काय लिहायचं, हे त्याच्या कक्षेत येत नव्हतं. बैलगाडीखाली आलेला, विहिरीच्या काठावरून पडलेला, धुऱ्याच्या भांडणात काठी खाल्लेला, लहानपणी मिरगी धरलेली, असा प्रश्नच त्या वर्णनपत्रात पुढेही आला नाही. रकाना तसाच राहिला. गांजाची सवय तेवढी जरा कमी झाली असेल.

त्याच सुमाराला सरकारला गुन्ह्याचं एक सोपं कारण सापडलं होतं. जन्म. इटलीत लोंब्रोसो १८७६ पासून कवट्या मोजून जन्मजात गुन्हेगार ओळखायला निघाला होता. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं. आधी तो उत्तर हिंदुस्थानात होता, १९११ च्या कायद्याने सगळ्या प्रांतांसाठी दार उघडलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला, पण विदर्भातल्या पारध्यांच्या कपाळावरचा शिक्का तेवढ्याने पुसला गेला नाही. चोरीचा नुसता संशय आला तरी पहिला मार त्यांना, आणि तो मार डोक्यावरही पडतो. त्याच माणसाचा पुढे कधी तोल गेला, तर रक्तातच आहे म्हणून मोकळं व्हायचं. जमातीचं डोकं मोजायला सरकारकडे वेळ होता. त्या डोक्याला काय काय लागलं आहे, हे पाहायला नव्हता. या गोष्टीचा मला मनापासून संताप येतो.

१९१२ चा वेड्यांचा कायदा आला, इस्पितळांची नावं बदलून मनोरुग्णालयं झाली, १९८७ चा कायदा आला. दंड संहितेचं कलम जसंच्या तसं राहिलं. स्वातंत्र्यानंतर ते वाचण्याची रीत थोडी बदलली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका खटल्यात सांगितलं की आरोपीने आपली मनोविकलता शंकेला जागाच उरू नये इतकी सिद्ध करायची गरज नाही. शक्यतेचं पारडं त्याच्या बाजूला झुकलं तरी पुरे, आणि तेवढंही जमलं नाही, पण गुन्ह्यामागच्या हेतूबद्दल रास्त शंका निर्माण झाली, तरी तिचा फायदा त्याला मिळेल. त्या खटल्यातला आरोपी सुटला नाही, पण पुढच्यांसाठी वाट झाली.

२००२ साली आपल्याच महाराष्ट्रातला एक खटला त्या वाटेने गेला. एका पोलीस शिपायाने बायकोला दगड डोक्यात घालून मारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला कलम ८४ चा लाभ दिला. त्याला जुना मानसिक आजार होता, वडिलांनाही होता, खून करून तो पळाला नाही, काही लपवलं नाही. हे सगळं न्यायालयाला कसं कळलं? उपचाराचे कागद होते. तारखांसकट. तो शिपाई होता, दवाखान्यात गेला होता, घरच्यांनी नेलं होतं. समुद्रपूर तालुक्यातला शेतमजूर मळणीयंत्रावरून डोक्यावर पडला आणि गावातल्या डॉक्टरने टाके घालून घरी पाठवला, तर त्याचा कागद कुठून येणार?

तुरुंगाच्या आत काय चालतं, याकडे देशाचं लक्ष वेधलं एका मराठी पत्रकार बाईंनी. शीला बर्से. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या बायकांना मारहाण होते, हे त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवलं. १९८३ साली न्यायमूर्ती भगवती यांनी त्यावर निकाल देताना एक साधा नियम घालून दिला. अटक झालेल्या माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे आणलं की मॅजिस्ट्रेटने त्याला विचारायचं, कोठडीत मारहाण झाली का? आणि वैद्यकीय तपासणी मागण्याचा तुला हक्क आहे, हेही सांगायचं. बर्से यांच्याच दुसऱ्या याचिकेवर १९९३ साली न्यायालयाने ठरवलं की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. १९९३ साली! तोपर्यंत पश्चिम बंगालच्या तुरुंगांत कुठलाही गुन्हा नसलेली अशी माणसं खितपत पडली होती.

१९९६ च्या डिसेंबरात डी. के. बसू यांच्या खटल्यात आणखी नियम आले. अटकेच्या वेळी अंगावरच्या लहान-मोठ्या जखमांची नोंद करायची, त्या कागदावर अटक झालेल्याचीही सही घ्यायची, कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी. हे नियम नसते तर आणखी किती जण कोठडीत मेले असते, याची कल्पना करवत नाही. पण नीट पाहा. ही नोंद आजच्या जखमेची आहे, पोलिसांनी केलेल्या किंवा न केलेल्या मारहाणीचा पुरावा म्हणून. दहा वर्षांपूर्वीच्या मुक्या माराला त्या कागदावरही जागा नाही.

जगात हा प्रश्न विचारणं सुरू झालं तेव्हा उत्तरं थक्क करणारी आली. १९८६ साली अमेरिकेत डोरोथी लुईस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी फाशीची शिक्षा झालेल्या १५ कैद्यांची सर्वांगाने तपासणी केली. पंधराच्या पंधरा जणांना पूर्वी कधी तरी डोक्याला गंभीर इजा झालेली होती. २०१० साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून निघालेला निष्कर्ष असा की तुरुंगातल्या सुमारे ६० टक्के माणसांच्या पूर्वेतिहासात मेंदूची इजा आहे. इंग्लंडमधल्या ड्रेक हॉल या स्त्रियांच्या तुरुंगात १७३ जणींना विचारलं, तर ६४ टक्के बायकांनी अशी इजा सांगितली. त्यांतल्या बहुसंख्य बायकांना ती झाली होती घरातल्या मारहाणीत. नवऱ्याने भिंतीवर आपटलेलं डोकं. आपल्याकडच्या कुठल्याही स्त्रियांच्या बराकीत हाच प्रश्न विचारला तर काय ऐकू येईल, हे सांगायला अभ्यास लागत नाही.

भारतात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तिथल्या मध्यवर्ती कारागृहात ५,०२४ बंद्यांची पाहणी केली, तिचा अहवाल २०११ साली आला. जवळजवळ ८० टक्के बंद्यांना मनोविकार किंवा व्यसन यांपैकी काही ना काही निघालं. नुसतं व्यसन बाजूला काढलं तरी चौघांतला एक राहिला. २०१९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका फाशीच्या कैद्याची शिक्षा जन्मठेपेवर आणली. दोन लहान मुलींवर अत्याचार करून त्याने त्यांचा खून केला होता. शिक्षेनंतर त्याला जडलेला गंभीर मनोविकार न्यायालयाने लक्षात घेतला आणि निकालात त्याचं नावसुद्धा ‘आरोपी एक्स’ एवढंच ठेवलं. त्या मुलींच्या आईबापांना या निकालाने काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनात येतो आणि तो यायलाच हवा. कलम ८४ गुन्हा घडला त्या क्षणापुरतं बोलतं. शिक्षा भोगणाऱ्या माणसाचं डोकं आज कसं आहे, हेही न्यायालयाने पाहिलं पाहिजे, असं या निकालाने मान्य केलं. २०२२ च्या मे महिन्यात, मध्य प्रदेशातून आलेल्या मनोजच्या खटल्यात, न्यायालय आणखी पुढे गेलं. फाशीची शक्यता असलेल्या आरोपीची मानसिक तपासणी आणि त्याचा जीवनेतिहास खालच्या न्यायालयातच, शक्य तितक्या लवकर समोर आला पाहिजे.

१ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. कलम ८४ चं कलम २२ झालं. कळण्यावरचा भर तसाच आहे.

डोक्याला मार लागलेला प्रत्येक माणूस गुन्हा करतो, असं कुणी समजू नये. बहुतेक जण आयुष्यात कुणावर हात उगारत नाहीत, आपलं दुखणं आपल्यापाशी ठेवून जगतात. आणि ज्याच्या हातून गुन्हा घडला त्याला मार लागला होता म्हणून सोडून द्या, असंही माझं म्हणणं नाही. मार लागलेल्याला तारीख लक्षात राहत नाही, जामिनाच्या अटी लक्षात राहत नाहीत, वकील काय म्हणाला ते संध्याकाळपर्यंत पुसलं जातं. तो साक्षीत गोंधळतो आणि खोटारडा ठरतो. तुरुंगात शिस्त मोडतो आणि माजोरडा ठरतो. यातलं काही सुधारता येण्याजोगं असतं, फिट येत असेल तर औषध असतं. पण आधी कुणाला तरी माहीत पाहिजे.

वर्ध्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. गांधीजींचा आणि विनोबांचा जिल्हा म्हणून सत्तरच्या दशकापासून इथे दारूबंदी आहे. रस्त्यावर झोकांड्या खाणारा, जड जिभेने बोलणारा, ओकणारा माणूस पोलिसांना दिसला की पहिला संशय दारूचा येतो. त्याला तपासणीला नेतात. डॉक्टर तोंडाचा वास, चाल, बोलणं, डोळ्यांच्या बाहुल्या पाहतो. यातला वास सोडला तर बाकी सगळ्या खुणा डोक्यात रक्तस्राव झालेल्याच्याही असतात, आणि दारू प्यालेला माणूसच तर जास्त पडतो. न्यायवैद्यकाच्या प्रत्येक पुस्तकात हा इशारा दिलेला असतो. तरी रात्री दोन वाजता, गर्दीच्या अपघात विभागात, पोलीस घाईत असताना तो इशारा आठवायला डॉक्टर फार सावध असावा लागतो. १८९२ साली रकान्यात गांजा लिहायचे. आज दारू लिहितात.

आणि पडण्याच्या, आपटण्याच्या जागा वाढल्या आहेत. डिसेंबर २०२२ पासून जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग धावतो. हेल्मेट डिक्कीत किंवा आरशावर लटकवून दुचाकीवरून जाणारी पोरं आपण रोज पाहतो. त्यातले जे वाचतात ते टाके निघाल्यावर बरे झाले असं आपण धरून चालतो.

मोठा कायदा बदलायला मोठी माणसं लागतील आणि वर्षं लागतील. पण एक काम वर्ध्यातच आणि आताच होऊ शकतं. सेवाग्रामला १९६९ पासून देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीला दुसरं मोठं रुग्णालय आहे, शहरात जिल्हा कारागृह आहे. सगळं काही किलोमीटरच्या आत. अमेरिकेत ओहायोच्या विद्यापीठात तयार झालेली प्रश्नावली पाच मिनिटांत विचारून होते. यंत्र लागत नाही, रक्त काढावं लागत नाही. तुरुंगात दाखल होणाऱ्या प्रत्येकाला वऱ्हाडी बोलीत एवढंच विचारायचं आहे: डोक्याले कधी मार लागला होता का? गाडीवरून, झाडावरून, मारामारीत? बेसुध पडला होता का? किती वेळ? त्याच्यानंतर काय बदललं? उत्तर लिहून ठेवायचं, डॉक्टरांना दाखवायचं, वकिलाला द्यायचं. सेवाग्राम आणि सावंगीच्या डॉक्टरांनी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी आणि कारागृहाच्या अधीक्षकांनी एकत्र बसून हा कागद तयार करावा, ही माझी त्यांना विनंती आहे.

आणि वाचकहो, तुमच्या घरात कुणाला डोक्याला मार लागला असेल, मग तो कितीही किरकोळ वाटो, तर दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनचा रिपोर्ट, औषधाची चिठ्ठी फेकू नका. एका पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवा.